बिअरच्या तंबूत ठरलेली ग्रामसभा

जर्मनीतल्या त्या बिअरच्या मेळ्याचा विषय निघाला की लोकांना माझ्याकडून दोनच गोष्टी ऐकायच्या असतात. एक, तिथल्या बायका खरंच एका खेपेला दहा-दहा मग उचलून नेतात का. दोन, तू प्यायलीस का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर नाही. पण या दुसऱ्या उत्तरावर आमच्या गावात अजून सगळ्यांचा विश्वास बसलेला नाही, कारण एक फोटो आहे. तो फोटो कसा निघाला आणि त्या तंबूत काय झालं, ते एकदा नीट लिहून टाकते.

आधी मामांबद्दल सांगायला हवं. मामा माझ्या आईचे सख्खे भाऊ नाहीत. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात ते शाळेवर मास्तर म्हणून आले आणि नोकरी संपल्यावरही तिथंच राहिले. गावातल्या कितीतरी बायका त्यांना राखी बांधतात, म्हणून आम्ही सगळी पोरं त्यांना मामा म्हणत वाढलो. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायची चळवळ सुरू झाली. ती आई आणि मामा या दोघांनी उभी केली. आई घरोघरी जायची, मामा पत्रकं लिहायचे.

ती पत्रकं सेलूच्या एका छापखान्यात निघायची. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, शाई इतकी ओली की बोटं काळी व्हायची. मी घड्या घालायचे, वाटायचे, आणि ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्यांना ओट्यावर उभी राहून वाचून दाखवायचे. शाळेचं पुस्तक मला फार मिळमिळीत वाटायचं. त्यात कोणी कोणाला जाब विचारत नव्हतं. मामांच्या पत्रकात पहिल्या ओळीपासून जाब असायचा. आज मी जे काही लिहिते त्यातली चीड तिथून आलेली आहे, आणि अर्धविराम न वापरायची सवयसुद्धा.

दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांचं मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून जास्त शिक्के आडव्या बाटलीवर पडले पाहिजेत. नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. आणि ग्यानबाची मेख इथंच होती. आमच्या गावातल्या बऱ्याच बायका नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दुकानाच्या मालकानं खटपट करून मतदान ऐन हिवाळ्यात लावून घेतलं होतं, गाव अर्धं रिकामं असताना. मामा तहसीलसमोर उपोषणाला बसले. ‘टोळ्या आल्याशिवाय मतदान नाही’ हे त्यांचं पत्रक मी इतक्या वेळा वाचून दाखवलं की झोपेत म्हणू शकले असते. शेवटी मतदान उन्हाळ्यात झालं. टोळ्या परतल्या होत्या. बायकांनी बाटली आडवी केली. दुकान गेलं.

हे सगळं अशासाठी सांगितलं की मामांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये.

मी मोठी झाले, परभणीला शिकले, लिहायला लागले. मामांनी मधल्या काळात शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी काढली. आजूबाजूच्या गावांची ज्वारी गोळा करायची, साफ करायची, विकायची. मला अभिमान होता. एक दिवस त्यांचा फोन आला.

“पोरी, पासपोर्ट हाय ना तुझा?”

“हाय. कामून?”

“अभ्यास दौरा निघालाय जर्मनीला. धान्याच्या साठवणुकीचा. आमाला इंग्रजी कुठं येतंय? दुभाषी म्हणून तू चल.”

“मामा, मीच कामून? तुमच्या कंपनीत एमबीए झालेली पोरं हायत.”

“त्याहीचा भरवसा न्हाई,” मामा म्हणाले. “माझा तुझ्यावर हाय.”

या वाक्यावर मी गेले. पुढं सगळं कळल्यावरही मला ते वाक्य खोटं वाटत नाही. त्यांचा माझ्यावर भरवसा होताच. फक्त कशासाठी, ते मला माहीत नव्हतं.

दौऱ्यावर आम्ही सात-आठ जण होतो. मामा, मी, आणि बाकी सगळे शेतकरी. त्यातले पूर्णेकडचे एक बागायतदार काका माझ्या कायम लक्षात राहतील. ते डोक्याला पंचा बांधूनच विमानात चढले होते आणि दिसेल त्या गोष्टीचा फोटो काढत होते. कोठारं पाहिली, चाळण्या पाहिल्या, एका ठिकाणी बार्ली भिजवून तिला मोड आणायची मोठमोठी भांडी पाहिली. मी सगळं इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करत होते. मोड आणलेल्या धान्याचं पुढं काय होतं हे मामा वारंवार विचारत होते. मला वाटलं, मास्तर आहेत, विचारणारच.

शनिवारी त्यांनी सांगितलं की भांडी बनवणाऱ्या फर्मच्या माणसानं आम्हाला शहरातल्या त्या मोठ्या बिअरच्या मेळ्यात बोलावलं आहे. टेबल राखून ठेवलं आहे.

“मामा, बिअरच्या मेळ्यात आपलं काय काम?”

“बघायचं. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो ते एकदा जवळून बघू दे की मला.”

सगळे हसले. मीही हसले.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. आपल्याकडं पाऊस येतो तो आल्यासारखा येतो, पडतो, मोकळा होतो. तिथला पाऊस बारीक, आडवा आणि चिवट. वाऱ्याबरोबर गळ्यातून आत शिरत होता. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. मेळ्याच्या दाराशी प्लास्टिकचे पातळ रेनकोट विकत होते. आम्ही सगळ्यांनी ते घातले आणि खताच्या रिकाम्या पिशव्या एका रांगेत चालल्यासारखे निघालो. मामांनी स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला कानटोपी आणि वरून ते प्लास्टिक चढवलं होतं. खाली पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला.

मैदान केवढं होतं म्हणून सांगू. मोठमोठाले तंबू, म्हणजे नावाला तंबू, आत आमच्या तालुक्याचा आख्खा बाजार मावेल असे. मधून घोडागाड्या चाललेल्या, घोड्यांच्या पाठीवरून वाफ निघत होती. उंच आकाशपाळणा वाऱ्यामुळं थांबवून ठेवलेला. चामड्याच्या आखूड विजारी घातलेले पुरुष आणि झालरीच्या झग्यातल्या बाया निथळत होत्या, पण परत जायचं नाव कोणी घेत नव्हतं. पावसामुळं सगळे तंबूत घुसू पाहत होते आणि तंबू भरले म्हणून दारं लावलेली होती. एका कठड्याला धरून एक पोरगा ओकत होता आणि त्याचे मित्र त्याच्या पाठीवरून हात फिरवत गाणं म्हणत होते. मी मनातल्या मनात पत्रक लिहायला लागले होते.

पूर्णेकडच्या काकांनी मात्र आत शिरल्या शिरल्या हात जोडले.

“आरं बाबा! येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्यावानी चालायलंय की हे. मास्तर, हितं आडवी बाटली कराया किती पत्रकं लागतील वो?”

“हितं बाटलीच न्हाई,” मामा म्हणाले. “बघ, सगळे मगानं पेयलेत.”

आत ऊब होती, ओल्या लोकरीचा आणि भाजलेल्या कोंबडीचा वास होता, मधोमध बँड वाजत होता आणि हजारो माणसं बाकांवर उभी राहून डोलत होती. आमचं टेबल एका कोपऱ्यात होतं. फर्मचा माणूस उठून उभा राहिला, सगळ्यांशी हात मिळवला. पन्नाशीचा, लालबुंद गालांचा, सभ्य. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. आम्ही बसतोय तोवर एक बाई छातीशी मगांचा डोंगर धरून आली आणि धाडकन टेबलावर ठेवून गेली. आमच्यातल्या काहींनी एकमेकांकडं पाहिलं आणि आपापले मग उचलले. मामांच्या समोरही एक मग आला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक जर्मन आजी-आजोबा बसले होते. आजीनं डोक्याला पारदर्शक प्लास्टिकची टोपी बांधली होती आणि दोघांत एक मग होता. मी काही घेत नाही हे त्या आजीनं पाहिलं आणि कोणालाही न विचारता माझ्यासाठी सफरचंदाचा रस मागवला. वर आपल्या पावाचा तुकडा मोडून दिला. मी लहानपणापासून हजार वेळा वाचून दाखवलं होतं की जिथं दारू तिथं मारहाण. ही म्हातारी तर नवऱ्याच्या तोंडाला लागलेला फेस आपल्या रुमालानं पुसत होती. मला काय वाटावं ते कळेना.

तेवढ्यात मामांना तो ओला रेनकोट काढायचा होता. बाही अडकली. त्यांच्या हातात मग होता, तो त्यांनी माझ्याकडं केला.

“धर गं जरा.”

आमच्याकडं मोठ्या माणसानं काही धर म्हटलं की आधी हात पुढं जातो, मग आपण बघतो काय आहे ते. छत्री असो, धोतराचा सोगा असो, पानाचा डबा असो. मी दोन्ही हातांनी तो मग धरला. जड होता. काका समोरून म्हणाले, “इकडं बघ माय!” मी बघितलं. झाला फोटो. मामांनी बाही सोडवली, तो मग परत घेतला आणि टेबलावर ठेवला. शेवटपर्यंत त्यांनी त्यातला एक घोटही घेतला नाही. नंतर पुष्कळदा मला वाटून गेलं, ते प्यायले असते तर बरं झालं असतं. मला त्यांचा राग तरी सरळ आला असता.

फर्मच्या माणसानं खिशातून चष्मा काढला आणि कामाचं बोलायला लागला. बँडमुळं तो माझ्या कानाशी झुकून ओरडत होता, मी मामांच्या कानाशी झुकून ओरडत होते. आधी भांड्यांच्या आकाराचं झालं. मग तो म्हणाला की आमच्या गावच्या हद्दीतल्या, देवगाव फाट्याजवळच्या जागेचे फोटो त्यानं पाहिले, जागा चांगली आहे, ज्वारीची बिअर ही कल्पना त्याला फार आवडली.

मी मामांकडं वळले आणि थांबले.

“काय म्हणला?” मामांनी विचारलं.

“ज्वारीची बिअर म्हणला.”

“हां. बरोबर हाय.”

“फाट्याजवळ?”

“सांगणार होतो तुला. सावकाश सांगणार होतो. आता त्याचं ऐक, काय म्हणतोय.”

तो माणूस म्हणत होता की त्यानं ऐकलंय, या गावात पूर्वी बायकांनी दारूविरुद्ध चळवळ केली होती. पुढं विरोध होण्याचा धोका आहे का?

हे मी मामांना मराठीत सांगितलं. माझ्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं, लहानपणी ओट्यावर उभं करताना ठेवायचे तसा.

“त्याला म्हणावं, त्या चळवळीच्या पुढारी बाईची लेकच माझ्याबरोबर आलीय. ही काय, तुझ्यासमोर बसलीय.”

मी ते भाषांतर केलं. हो, केलं. शब्द कानातून आले आणि तोंडातून गेले, मध्ये कुठं अडलेच नाहीत. दौरा सुरू झाल्यापासून मी तेच करत होते. त्या माणसानं माझ्याकडं आदरानं पाहिलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मला इथं कशासाठी आणलंय. एमबीए झालेल्या पोरांना इंग्रजी येत होतं. पण माझ्या आईची लेक त्यांच्यात कोणी नव्हती.

“अन म्हणावं,” मामा पुढं म्हणाले, “कारखान्याला ग्रामसभेचा ठराव दिवाळीनंतर मिळंल.”

बँड वाजत होता. लोक बाकांवर नाचत होते. दिवाळीनंतर हा शब्द त्या तंबूत फक्त आम्हाला कळणारा होता.

“मामा, सभा तर येत्या आठवड्यात हाय. आईनं सांगितलंय मला.”

“ती व्हायची न्हाई. गणपूर्ती कवा झालीय आपल्या गावात? माणसं जमायची न्हाईत, तहकूब व्हईल. तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई. ती दिवाळीनंतर घेऊ. जी असतील ती माणसं ठराव करतील.”

“दिवाळीनंतर बाया कुठं असत्यात मामा?”

मामांनी समोरचा मग जरा बाजूला सरकवला.

“मामा, मी तुमाला विचारायले. दिवाळीनंतर बाया कुठं असत्यात?”

“तू दुभाषी हायस. जेवढं सांगितलं तेवढं सांग.”

तेव्हा मी त्या माणसाकडं वळून इंग्रजीत सांगितलं की हे म्हणतात ठराव दिवाळीनंतर होईल. दिवाळीनंतर ज्या बायकांनी दारू बंद केली त्या गावात नसतात, दूरच्या जिल्ह्यांत ऊस तोडत असतात, आणि हे यांना ठाऊक आहे, कारण हे मला यांनीच शिकवलं. हे वाक्य कोणाचं भाषांतर नाही, माझं आहे, असंही सांगितलं.

त्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तो म्हणाला, हा तुमचा आपसातला प्रश्न आहे, आम्ही फक्त भांडी विकतो. तो वाईट माणूस नव्हता. मला त्याचा रागही आला नाही. त्याच्या आजीपासून नातवापर्यंत सगळं घर या तंबूत येऊन आनंदात बसत असेल. आमच्या गावात संध्याकाळी पोरं दाराच्या फटीतून बाप किती झुलतोय ते पाहून कुठं लपायचं ते ठरवायची, हे त्याला मी कोणत्या इंग्रजीत सांगणार होते?

“काय झालं वो मास्तर?” पूर्णेकडचे काका ओरडून विचारत होते. “पोरगी कामून लाल झालीया?”

मी उठले आणि बाहेर आले. मामा माझ्यामागं आले, रेनकोट टेबलावरच टाकून. तंबूच्या पडद्याच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो आणि पाऊस दोघांच्याही अंगावर येत होता.

“माझं ऐकून घे,” मामा म्हणाले. “गावात बाटली नको होती. गेली. पुन्हा येऊ देणार न्हाई, शब्द हाय माझा. पण ज्वारीला विचारतंय कोण? लोक पेरायचं सोडायलेत. फाट्यावर कारखाना झाला तर पोरांना काम लागंल. तुझ्या त्या उसाच्या टोळ्याच बंद व्हतील. हे न्हाई दिसत तुला?”

“दिसतंय.”

“मग? पिणारे दुसरीकडचे हायत. आपल्या गावात एक थेंब येणार न्हाई.”

“दुसरीकडं बाया न्हाईत का मामा?”

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. कानटोपीतून पाणी गळत होतं.

“अन कारखाना इतका चांगला हाय,” मी म्हणाले, “तर बाया गावात असताना विचारा की. टोळ्या बंद करायच्या हायत ना, मग टोळ्यांनाच विचारा.”

“त्या न्हाई म्हणतील.”

“मग?”

“तू पत्रकावानी बोलायलीस.”

“तुमच्याच.”

ते पुन्हा आत गेले. त्यांच्या पायजम्याकडं मी पाहत राहिले. एवढा म्हातारा माणूस, एवढ्या थंडीत, ओला. मला त्यांच्या अंगावर काहीतरी टाकावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. ज्यानं आपल्याला रागवायला शिकवलं त्याच्यावरच रागवायची वेळ आली की हात कुठं ठेवावेत ते समजत नाही.

मी चालत मेळ्याच्या बाहेर पडले आणि भुयारी रेल्वेच्या दाराशी आडोसा बघून आईला फोन लावला. आमच्याकडं दिवेलागण झाली असेल. फोन लगेच उचलला गेला. मी बोलणार एवढ्यात आईच विचारती झाली.

“तू पेलीस?”

“काय?”

“फोटो आलाय गावच्या ग्रुपवर. हातात ह्ये एवढा मोठा गिलास. हसायलीस तू त्यात. मघापासून मोबाइल फिरायलाय घरोघरी. तुझी काकू म्हणायली, बघा म्हणं पुढाऱ्याची लेक.”

काकांनी तो कौतुकानं मामांच्या कंपनीच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तो गावच्या ग्रुपवर गेला. त्यांच्या मनात काही नव्हतं हे मी आजही सांगेन. मामांनी तो मग माझ्या हातात मुद्दाम दिला की बाही खरंच अडकली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. हेच मला जास्त छळतं. कारखाना, सभा, सगळ्याला काही कारण तरी सापडतं. त्या एका ‘धर गं जरा’ला मी काय म्हणू?

“आई, मी न्हाई पेले. मामांचा मग होता. त्याहीनं धर म्हणलं, मी धरला.”

“तुझा मामा पेतो?”

“त्याहीनंबी न्हाई पेला. आई, ऐक आता, लय महत्त्वाचं हाय.”

मग मी तिला सगळं सांगितलं. फाट्याजवळची जागा, ज्वारीची बिअर, तहकूब सभा, दिवाळी.

“माझ्या नावानं बोलला?” आईनं विचारलं.

“तुझी लेक बरोबर हाय म्हणाले.”

“मंजे माझंच नाव. आन मी त्याला सख्ख्यापेक्षा जवळचा मानत आले.”

“आई, येत्या सभेला गणपूर्ती झाली पायजे. टोळ्या अजून गावात हायत. सगळ्यांनी जाऊन बसायचं, विषय तिथंच काढायचा.”

“अन तुझा फोटो? मी दारात गेले की आधी त्यो फोटो काढतील बाया. म्हणतील, लेक तिकडं गिलास धरून हसायली अन माय आमाला सांगायली.”

“म्हणू दे.”

“म्हणू दे म्हणतीस. तू तिकडं हायस. ऐकायचं मला हाय.”

आणि तिनं फोन ठेवला.

दौऱ्याचे उरलेले दिवस मी माझं काम केलं. कोणी काही विचारलं की भाषांतर केलं. मामा माझ्याशी गरजेपुरतं बोलत होते आणि जेवताना माझ्या ताटात भात आहे का ते बघत होते. आईचा फोन आला नाही. मीही केला नाही. ती दारोदार गेली की घरी बसली, मला काही कळत नव्हतं.

हैदराबादला उतरलो ती ग्रामसभेचीच सकाळ होती. पुढं सगळे एकाच जीपनं. मामा ड्रायव्हरशेजारी, मी मागं काकांशेजारी. काका तंबूतल्या कोंबडीची गोष्ट सांगत नांदेडपर्यंत आले. पूर्णेत उतरताना ते खिडकीतून आत डोकावून म्हणाले, “माय, त्यो फोटो मी काढून टाकला बरं का ग्रुपवरून. मला कळलं मागून. माझं चुकलं.” काढून टाकला खरा, पण तोवर तो पुढं कुठं कुठं गेला होता.

पूर्णा सोडलं. दोन्हीकडं सोयाबीन काढणीला आलेलं होतं. परभणीच्या अलीकडं माझा फोन वाजला. आई. जीपचा आवाज इतका होता की तिला ओरडावं लागत होतं, आणि तिचं ओरडणं पुढच्या सीटपर्यंत जात होतं.

“झाली सभा!”

“झाली? तहकूब न्हाई झाली?”

“शाळेत मावंनात बाया, पटांगणात बसलो. ग्रामसेवक म्हणला, हा विषय आज न्हाई. मी म्हणलं, मग आज कोणीच उठणार न्हाई. ह्या बाया दिवाळीनंतर न्हाईत, तुमाला ठाऊक हाय. घेतला मग विषय. हात वर करून. कारखाना नामंजूर.”

“आई...”

“लय खूश होऊ नको. तुझ्या काकूनं कारखान्यासाठी हात वर केला. अजूनबी बऱ्याच जणींनी केला. पोराला काम पायजे म्हणल्या. त्याहीचंबी खोटं न्हाई.” मग जरा हळू आवाजात, पण ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, “अन तुझ्या सांगण्यावर न्हाई आल्या कोणी, हे ध्यानात ठिव. आधी मला त्यो फोटो दाखवूनच आल्या. मी पाया पडले एकेकीच्या, म्हणलं लेकीचं सोडा, माझं ऐका.”

फोन ठेवला. आईनं माझ्यासाठी कोणाकोणाचे पाय धरले असतील, त्या बायकांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर येत होते. उद्यापासून मला त्यांच्यातूनच चालायचं होतं.

पुढच्या सीटवर मामा सरळ बसले होते. कारखाना नामंजूर, एवढं तरी त्यांनी ऐकलंच होतं. परभणीचा बायपास लागला. मग मान अर्धी वळवून, माझ्याकडं न पाहता, त्यांनी विचारलं,

“किती जमल्या होत्या?”

आवाजात राग नव्हता. आपल्या हातानं बांधलेलं काही टिकलं का, हे विचारणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. एक क्षण मला वाटलं, सांगावं. शाळेत मावत नव्हत्या मामा, पटांगणात बसवावं लागलं. त्यांचा चेहरा कसा फुलला असता ते मला आधीच दिसत होतं.

मी काच खाली केली आणि बाहेर पाहत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.